बंद खोलीतला समुद्र

नव्वदच्या दशकात मी अकोल्याहून पुण्याला आले, हवामानावर संशोधन करायला. विषय होता समुद्रावरून हवेत उडणारं मीठ. लाटांच्या फेसातले बुडबुडे फुटले की बारीक तुषार वर उडतात. पाणी सुकतं, मिठाचा कण उरतो. त्याच्याभोवती बाष्प जमून ढगातला थेंब होतो. असे कण जास्त असले तर थेंब बारीक आणि पुष्कळ होतात, ढग जास्त पांढरा होतो आणि जास्त ऊन माघारी धाडतो. चिमूटभर मिठाचा उन्हावर असा धाक असतो हे कळलं आणि मी या विषयाला चिकटले.

पण पुण्यात समुद्र कुठला? आमच्याकडे बिनखिडकीची खोली आणि मिठाच्या पाण्याची काचेची टाकी होती. पंपाने पाण्यात हवा सोडायची, बुडबुडे फुटले की उडालेले कण मोजायचे. रस्त्यावरचा धूर येऊ नये म्हणून दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवलेल्या. ओढणी हलली तरी मोजणी बिघडायची, म्हणून स्टुलावर पुतळ्यासारखं बसायचं. जीव कोंडायचा. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

समुद्रावर मोजमापाला जहाज जाणार असं कळलं, तेव्हा मी मार्गदर्शक सरांना विचारलं, "सर, मी जाऊ का?"

"बायकांसाठी वेगळी केबिन नाही. तुमची टाकी आहे की."

"टाकीवर वारा नसतो, सर."

"मग पंखा लावा."

माझ्यामागून आलेला मुलगा गेला. मी टाकीवरच प्रबंध पुरा केला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष समुद्रावर का नाही मोजलंत?"

सर चष्मा पुसत होते.

"केबिन नव्हती," मी म्हणाले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न घेतला.

पदवी मिळाली, पण कायमची जागा निघेना. शेवटी हिंजवडीच्या एका कंपनीत लागले, परदेशी बँकेचे प्रोग्राम तपासायला. धायरीहून सकाळी कंपनीची बस. वर्षभराने सरांचा फोन आला. "या वेळी केबिन मिळतेय. महिनाभर येता?"

टीम लीडरला विचारलं. तो म्हणाला, "महिनाभर? मॅडम, पुढच्याच महिन्यात क्लायंटला डिलिव्हरी आहे."

सरांना जमणार नाही म्हणून कळवलं. त्यांच्या नव्या विद्यार्थिनीला यंत्र शिकवायला मात्र एका शनिवारी त्या खोलीत गेले. ती सगळं लिहून घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "मॅडम, जहाजावर फार उलट्या होतात का हो?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले आणि पंप सुरू केला.