नानांचा वर गेलेला हात

आमच्या इथल्या, आखातातल्या मराठी मंडळात चार डोकी चहाला जमली की नानांचा एखादा किस्सा निघतोच. तो सांगून होईपर्यंत नाना तिकडे दुसरा करून ठेवतात! माणसानं लक्षात तरी किती ठेवायचं?

नानांची उम्म अल कुवैनला लाकडाची वखार, आणि मी तिथे मॅनेजर. धंद्यात पक्के, पण जीव अडकलाय मंडळाच्या अध्यक्षपदात. तीनदा उभे राहिले, तिन्ही वेळा सावंतांनी पाडलं.

पहिल्यांदा तर निकालाआधीच पेढे वाटून झाले होते. वहिनी रडकुंडीला आल्या, "आता लोकांना काय सांगायचं?"

"सांग, सावंत जिंकले त्याचे!"

दुसऱ्यांदा रोल्ला भागात घरोघरी प्रचाराला गेलो. एका घराचं दार लटकत होतं. मत मागायचं राहिलं बाजूला, नानांनी सुतार बोलावून नवं दार बसवलं. मतदानाच्या दिवशी त्याच घरातून फोन, "नाना, निघायचंय हो, पण दार उघडत नाहीये!"

तिसऱ्यांदा एका मतानं गेले. आमच्याकडे उमेदवाराचं नाव पुकारलं की त्याला मत देणाऱ्यांनी हात वर करायचा. नानांनी स्वतःसाठी केलाच नाही! मी भडकलो.

"सगळ्यांसमोर स्वतःलाच मत?" नाना म्हणाले. "लाज वाटते रे!"

मग नानांच्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला. दीडशेएक वर्षांपूर्वीचा कॅनडातला लाकडाचा व्यापारी. तोही निवडणुकीत तीनदा पडला, चौथ्यांदा आला. तेव्हा तिकडेही मत सगळ्यांसमोर सांगायचे.

नानांनी चष्मा पुसला. "यानं स्वतःला मत दिलं का गं?"

"ऑब्व्हियसली, बाबा!"

"खलास! यंदा मीही देणार!"

त्या दाढीवाल्या व्यापाऱ्याचा फोटो वखारीच्या ऑफिसात लागला. गिऱ्हाईकं विचारतात, "आजोबा का?" नाना सांगतात, "नाही, आमच्याच लाईनीतले."

परवा अल मनखूलच्या हॉलमध्ये मतदान झालं. नानांचं नाव पुकारलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला! मला तर भरूनच आलं. मोजले, वीस हात.

मग सावंतांचं नाव. सावंत मांडीवर हात ठेवून खाली बघत बसलेले. मोजले, एकोणीस.

"नाना, जिंकलात!" मी ओरडलो. बघतो तर नानांचा हात पुन्हा वर!

"अहो, खाली घ्या! तुमचं मत देऊन झालंय!"

"हे माझं नाही," नाना हात तसाच धरून म्हणाले. "सावंतांचं मोजा. लाजतायत बिचारे!"