उभा एराक्लिओ

एराक्लिओ बारांको आमच्या बागेत अकरा वर्षं उभा राहिला. बाकं रिकामी असायची, नसली तर आम्ही सरकून जागा करायचो. शेवटी शेवटी तर फेर्मिन मास्तर घरून खुर्ची घेऊन यायचा. पण हा पठ्ठ्या बदामाच्या झाडाला पाठ टेकून उभाच. पाय सुजून बूट घालता येईनात, चपलेवर यायला लागला, तरी उभाच. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला मूळव्याध असणार. आम्ही हसायचो नाही. आम्हाला कारण माहीत होतं, आणि त्या कारणात माझाही हात होता.

कामागुए शहरातल्या या बागेत रोज सकाळी दहाला आमचा अड्डा जमतो, तो फक्त बेसबॉलवरून भांडायला. मी शेजारीच टेबल मांडून लायटरमध्ये गॅस भरतो. हात कामात आणि तोंड भांडणात, असा माझा जन्म गेला. एरवी किरकोळ चकमकी चालतात, पण हंगामाच्या शेवटची सात सामन्यांची मालिका आली की विषय एकच, उद्या चेंडू कुणाच्या हातात? त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोण, त्याच्यासमोर आपला कोणता उभा करायचा, त्यांचे उजवे फलंदाज आपल्या डावखुऱ्याला खातील का. यावरून माणसं इतकी लाल होतात की एकदा परगावचा पोलीस सोडवायला मध्ये पडला होता.

पण भांडणाला नियम आहे. सामना झाला की दुसऱ्या दिवशी, ज्याचं खोटं ठरलं त्यानं समोरच्यापुढे टोपी काढून म्हणायचं, “तुझं खरं.” त्यावर जिंकलेला म्हणतो, “चल, कॉफी पाज.” तेवढं तो म्हणेपर्यंत हरलेल्यानं बसायचं नाही. म्हणाला की विषय संपला, पुन्हा उकरून काढायचा नाही. बरेचजण हे थट्टेवारी नेतात. एराक्लिओ मात्र रेल्वेच्या कारखान्यात टर्नर होता, केसाएवढा फरक पडला तरी अख्खा दांडा भंगारात टाकणारा. तो नियम नियमासारखा पाळायचा.

त्याला एकच पोरगा, योस्बेल. डावखुरा पिचर, आमच्या प्रांताच्या संघात. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून याच बागेत यायचा आणि मोठ्या माणसांना टोपी काढायला लावायचा. त्याचा चेंडू सरळ येता येता ऐनवेळी खाली बसायचा. पण एराक्लिओनं बागेत कधी त्याची बाजू घेतली नाही. बाकावर बाप नसतो, असं म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. सातवा सामना आमच्याच मैदानावर, पूर्वेकडच्या संघाशी, आणि राष्ट्रीय संघाची निवड करणारे तो पाहायला येणार होते. चेंडू कुणाच्या हातात? सगळी बाग एका सुरात म्हणत होती, योस्बेल. एकटा एराक्लिओ म्हणत होता, बेर्तो. बेर्तो म्हणजे उजव्या हाताचा, पस्तिशी उलटलेला, पोट सुटलेला.

मला चेव आला.

“अरे, तू बाप आहेस की भाऊबंद? सख्ख्या पोराचं बरं बघवत नाही होय तुला?”

“बेर्तोला अनुभव आहे,” तो म्हणाला.

“अनुभव? दुसऱ्या डावात धाप लागते त्याला! उद्या त्याला पाणी पाजायला तू जा मैदानात.”

बाकं हसली. एराक्लिओचे कान लाल झाले.

“राव, नुसत्या बाता काय मारतोस,” मी म्हटलं. “पुरावा दे पुरावा. की कारखान्यासारखं इथंही पेन्शनीत निघालास?”

“पुरावा पाहिजे तुला? कोपर दुखतोय त्याचा! मंगळवारपासून कॉफीचा कप उजव्या हातानं उचलतोय. पुरला एवढा पुरावा?”

एराक्लिओनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पोरानं हे संघाच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. बापानं ते न्याहारीच्या टेबलावर पाहिलं होतं, आणि जिभेला हाड नसतं.

गोष्ट बाकावरच राहिली असती, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तासाभरानं संघाच्या बसचा ड्रायव्हर लायटर भरायला आला, आणि मी त्याला सांगितलं. वाईट हेतूनं नाही. माझ्याकडे ताजी बातमी होती आणि मला ती पोटात ठेवता आली नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत योस्बेलचं नाव यादीतून गेलं. बेर्तो तिसऱ्या डावातच उखडला. सात-दोननं हरलो.

दुसऱ्या दिवशी एराक्लिओ बागेत आला, टोपी काढली आणि मला म्हणाला, “तुझं खरं.” मी कसंबसं “चल, कॉफी पाज” म्हटलं. ती कॉफी कपातच गार झाली.

तिथून तो घरी गेला. पुढचं मला त्याच्या बायकोनं, नेरेइदानं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि पोराला म्हणाला, “योस्बेल, तुझं खरं.” पोरगा बागेत वाढलेला. पुढं काय म्हणायचं असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठला, कप विसळून पालथा घातला आणि बापाच्या बाजूनं वाट काढून बाहेर पडला. दुखणं लपवलं म्हणून पुढच्या हंगामात संघानं त्याला घेतलं नाही. वर्ष संपायच्या आत तो देश सोडून समुद्रापलीकडे उत्तरेला गेला, ताम्पा शहरात.

तेव्हापासून एराक्लिओ बसला नाही.

मी म्हटलं, “अरे बाबा, मी म्हटलंय ना तुला कॉफी पाज म्हणून. बस की आता!”

“तुझ्याशी हरलो ते फिटलं,” तो म्हणाला. “त्याच्याशी हरलो ते त्यानं म्हणायला हवं.”

सुंभ जळला तरी पीळ जाईना. मालिका आल्या, गेल्या. तो झाडाशी उभा राहून सगळं ऐकायचा, पण उद्या चेंडू कुणाच्या हातात, यावर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. योस्बेल दर रविवारी आईला फोन करायचा. एराक्लिओ तेवढा वेळ स्वयंपाकघरात उभा. नेरेइदा फोन पुढे करायची, तो हातानंच नको म्हणायचा.

“मी घेतला तर त्याला वाटेल, म्हातारा ते दोन शब्द मागायला आलाय. त्यानं बोलावलं तर घेईन.”

योस्बेलनं बोलावलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दर दोन महिन्यांनी यायच्या, न चुकता, पाकिटावर बापाचं नाव घालून.

या वर्षी मालिका सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी बाग रिकामी असताना, तो माझ्या टेबलाशी आला.

“नीलो,” तो म्हणाला, “अकरा वर्षं विचार करतोय. पोराचा हात वाचावा म्हणून मी बोललो, की तुला हरवायचं होतं म्हणून? खरं सांगतो, मलाच कळत नाही रे.”

मी हातातला लायटर भरत राहिलो. तो कधीच भरला होता, गॅस बाहेर उडत होता. ड्रायव्हरची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. तेव्हाही नाही सांगितली. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

मालिका पुन्हा तीन-तीन झाली आणि सातव्या सामन्याच्या आदल्या दिवशी पहाटे एराक्लिओ झोपेतच गेला.

सकाळी अकराला शवपेटी न्यायची होती. पेटीशेजारच्या डोलखुर्च्यांत आम्ही बागेतले सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. नेरेइदाच म्हणाली, “असे मुक्यासारखे काय बसलात? त्याला करमायचं नाही.” मग फेर्मिन मास्तर हळूच म्हणाला, उद्या डावखुऱ्यालाच द्यायला हवा. कुणीतरी म्हणालं, छे, त्यानं परवाच शंभर चेंडू टाकलेत. आवाज चढायला लागले आणि मग सगळे एकदम थांबले. प्रत्येकजण पेटीकडे बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. नेरेइदानं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“नीलोकाका, कागदपत्रं नाहीत, मला येता येत नाही,” योस्बेल म्हणाला. पोरासारखं रडत होता. “माझं एक काम करा.”

“आधी ऐक,” मी म्हटलं. “त्या दिवशी ड्रायव्हरला सांगणारा मी होतो. तुझा बाप नव्हे.”

“माहीत आहे. तेव्हाच कळलं होतं. इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी डॉक्टरला हात दाखवला. तो म्हणाला, कोपराचा स्नायू एका धाग्यावर राहिला होता. त्या दिवशी एक डाव जरी टाकला असतास, तर आज पोरीला कडेवर घेता आलं नसतं.”

“मग मेल्या, फोन का नाही केलास?” मी ओरडलोच. डोलखुर्च्या थांबल्या. “आठ वर्षं! झाडाखाली उभा होता रे तो आठ वर्षं!”

“आधी राग होता, काका. नंतर लाज वाटली. दर रविवारी म्हणायचो, आज बोलू. मग आई म्हणायची, ते बरे आहेत, आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.”

मला नुसत्या शिव्याच आठवत होत्या.

“फोन त्याच्याजवळ धरा,” तो म्हणाला.

मी पेटीशी गेलो. एराक्लिओची टोपी त्याच्या छातीवर ठेवली होती. तिच्याशेजारी फोन धरला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोरगा उठून उभा राहिला होता.

“पापा,” तो म्हणाला, “तुझं खरं.”

फेर्मिन मास्तरनं डोक्यावरची टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. यावर काय म्हणायचं असतं ते तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते म्हणायचा हक्क आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. नेरेइदानं नवऱ्याच्या बाहीतच तोंड खुपसलं.

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मी तो कानाला लावला.

“योस्बेल, पोरा, बस आता.”

“कसा बसू, काका?” तो म्हणाला.