धोंड्याला न आलेला जावई

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटते. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात नेमणूक होती. अधिक महिना चालू होता. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तोच असोद्याकडच्या एका अक्कांचा फोन आला.

"साहेब, माहा जावाई धोंड्याले आला नाही."

"अक्का, हे पोलीस ठाणं आहे. जावई रुसला तर आम्ही काय करणार?"

"रुसला नाही. गाव म्हनते, पैसे घेऊन पयाला. पोरगी माह्याकडे येऊन बसली, दाराबाहेर निघत नाही. तो चोर असंन तं धरा, नसंन तं तसं गावाले सांगा."

चहा तसाच राहिला. चौकशीत कळलं ते असं. जावयाचं धुळ्यात मोबाइलचं दुकान. त्याने सासरवाडीच्या निम्म्या गावाला एका ॲपवर आभासी चलन घ्यायला लावलेलं. दोन महिन्यांपासून ॲपमधून पैसे निघत नव्हते, तरी तक्रार एकाचीही नाही. कशी असेल? एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, त्याच्यावर फिर्याद कोण देणार! पाठीमागे मात्र जो तो त्याला चोर म्हणत होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन शिपाई घेऊन धुळं गाठलं.

जावई पळाला नव्हता. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला होता. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. हाच ठग, अशी माझी खात्रीच होती. असे गोडबोले नोकरीत ढिगाने पाहिले होते. त्याने गावाला पाठवलेले मेसेज मी त्याच्यापुढे ठेवले. 'सर्व्हरचं काम चालू आहे.' 'सात दिवसांत मिळतील.'

"हे कंपनीने कळवलं?"

त्याने आधी स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "नाही साहेब. मीच बनवायचो."

"वा रे वा! म्हणजे फसवलंसच की."

"कंपनी काही सांगतच नव्हती हो. सासरच्या माणसांना काय सांगू? जावयालाच काही माहीत नाही म्हणून?" आणि तो ढसाढसा रडायला लागला.

त्याने फोन उघडून दिला. त्याचेही पैसे अडकलेले. कंपनीला रोज विनवण्या केलेल्या, आणि प्रत्येकीला एकच उत्तर: 'आपली विनंती प्रक्रियेत आहे.' माझा अंदाज साफ चुकला होता. पण गडी नीटनेटका! पैसे भरल्याची प्रत्येक पावती जपलेली. त्या चाळताना दिसलं, ॲप परदेशी म्हणवत होतं, पण पैसे जात होते भुसावळच्या एका खात्यात. जावयाचीच फिर्याद घेऊन गुन्हा दाखल केला, बँकेला पत्र देऊन त्याच दिवशी खातं गोठवलं आणि खातेदाराला उचललं. त्याच्या वरचे मात्र सापडले नाहीत.

मग जावयाला घेऊन मी स्वतः गावात गेलो. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "हा चोर नाही. थापाड्या आहे." लोक हसले. त्याने हात जोडून माफी मागितली. अक्कांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. मला फार बरं वाटलं.

गोठवलेले पैसे कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत नाहीत. अक्का दर आठवड्याला फोन करायच्या आणि मी सांगायचो, "तपास चालू आहे, अक्का." चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "साहेब, जावाई बी असंच सांगे."

मी गारच पडलो. सगळी नोकरी मी लोकांना हेच वाक्य ऐकवत आलो होतो, आणि त्या कंपनीला मात्र शिव्या घालत होतो! त्या आठवड्यापासून दर शनिवारी मी स्वतः प्रत्येक फिर्यादीला, आणि अक्कांनाही, फोन करू लागलो. काही घडलं नसेल तर तसंच सांगायचो. वाटलं होतं, लोक भडकतील. कोणी भडकलं नाही. वाईट बातमी लोक पचवतात, ताटकळणं त्यांना पचत नाही, हे मला इतक्या उशिरा कळलं.

पुढे गावाला काही पैसे मिळाले, सगळे नाहीत. त्याआधीच मी निवृत्त झालो. शेवटचा दिवस शनिवारच होता. टेबल आवरताना अक्कांना फोन लावला.

"अक्का, अजून काहीच झालेलं नाही."

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता जेवाले बसते."