रुमालाखालचं उत्तर

निर्मलकुमारशेठचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. जळगावच्या एमआयडीसीत त्यांची डाळमिल. तुरीची गाडी आली की उखर्डू हमाल सांगायचा, "शेठ, बठ्ठा माल सारखाच शे." झालं! शेठ लगेच एखादं पोतं तळापर्यंत उपसायला लावायचे. सगळा माल सारखाच आहे म्हणतोय, म्हणजे खाली नक्कीच काहीतरी आहे!

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, जिनल, पुण्यात क्वांटम संगणकावर संशोधन करत होती. दिवाळीत ती आली, तेव्हा शेठनी तिला मिलमध्येच गाठलं. "नेमकं करतेस तरी काय तिकडे?"

जिनलने डाळ निवडणाऱ्या मशीनकडे बोट दाखवलं. "पप्पा, याच्या आतला संगणक सगळं शून्य किंवा एक असंच मांडतो. दाणा चांगला की खराब, तेही तसंच. आमच्या संगणकाच्या मूळ एककात, म्हणजे क्यूबिटमध्ये, शून्य आणि एक, दोन्ही कमीजास्त प्रमाणात एकत्र असतात. मोजायला गेलं की दोहोंपैकी एकच हाती येतं आणि आधीचं मिश्रण मोडतं."

शेठ गालातल्या गालात हसले. त्यांच्या वडिलांच्या काळी सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे. "कळलं. भाव आत ठरलेलाच असतो. रुमाल काढेपर्यंत आपल्याला दिसत नाही, एवढंच."

"नाही पप्पा, तो ठरलेलाच नसतो. म्हणून तर त्यावर वेगळी गणितं करता येतात."

शेठच्या मनात पाल चुकचुकली. ही मुलगी शिक्षण संपल्यावर मिल सांभाळायला येणार की नाही, या एका प्रश्नात त्यांचा जीव अडकला होता. आणि दरवेळी ती हेच म्हणायची, "अजून ठरलं नाही." म्हणजे ठरलंय, फक्त बापापासून लपवतेय!

मग काय, शेठनी तिच्या मैत्रिणीला फोन लावून आडून आडून चौकशी केली. जिनल अंघोळीला गेली तेव्हा तिची बॅगही उचकली. "अहो, पोरीला जरा मोकळं सोडा," राजकुंवर नवऱ्यावर चिडली. शेठ ऐकतात कसले!

निघायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनी तिला अडवलंच. "आत्ता सांग. येणार की नाही?"

"खरंच ठरलं नाहीये, पप्पा. मला मिलही आवडते आणि तिकडचं कामही. थोडा वेळ द्या."

"हो की नाही?"

जिनलचे डोळे भरून आले. "मग नाही."

"बघ! हेच होतं ना मनात?"

"नव्हतं," जिनल म्हणाली. "तुम्ही माझी बॅग उघडलीत ना, तोपर्यंत 'हो'च जास्त होतं."

गाडी निघून गेली. ती खोटं बोलली असेल, असं शेठ घरी पोहोचेपर्यंत स्वतःला पटवत राहिले. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संशय घेता येईना.