मुकादमबाई पाहुणी म्हणून जातात

मुकादमबाई हे नाव त्यांना नवऱ्याने दिलं. लग्न होऊन घरात आल्या आणि आठवडाभरात त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. नवऱ्याची छत्रीसुद्धा कोणत्या खुंटीला टांगायची हे ठरलं. तेव्हा तो बंदरात बोटींची यंत्रं दुरुस्त करायचा. संध्याकाळी दारात उभा राहून त्याने विचारलं, "मुकादम, आत येऊ का? की आधी हजेरी लावायची?" शेजारणीने ते ऐकलं, आणि खरं नाव बँकेपुरतं उरलं.

त्यांचं घर समुद्राच्या रस्त्यावर, जुन्या जकात कचेरीला लागून. परक्यांचं राज्य होतं तेव्हा कुणा गलबतवाल्या व्यापाऱ्याने ते बांधलेलं. हातभर जाड भिंती, छताला टेकतील अशी दारं, खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा. झडपा अर्ध्या उघडल्या की ऊन बाहेर थांबतं आणि वारा तेवढा आत येतो. सासऱ्यांनी हे घर पडत्या भावात घेतलं होतं. एवढ्या खोल्यांचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच होता. मुकादमबाईंनी त्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि मग आयुष्यभर तेच केलं.

त्यांच्या घराचे नियम थोडे होते, पण पक्के. दारातल्या नळावर पाय धुवायचे. ओला टॉवेल बिछान्यावर टाकायचा नाही. आणि समुद्रावर जाताना खोलीची चावी बाहेरच्या टेबलावर ठेवून जायची, कारण वाळूत पडलेली चावी समुद्र परत देत नाही. बिछाने त्या स्वतः घालत. चादर अशी ताणलेली, की वरून मुंगी निघाली तर तिचा पाय घसरावा. मोठमोठ्या शहरांतले लोक त्या चादरीचे फोटो काढून नेत. मुकादमबाई म्हणत, "फोटो काय काढता, घरी जाऊन घाला तशी."

आता गुडघे कुरकुरायला लागले होते. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, सुट्टीपुरता यायचा. घरात होती ती सून. ती मनापासून काम करायची, पण मुकादमबाईंच्या लेखी तिच्यात दोन बाबतींत खोट होती. एक म्हणजे तिने घातलेला बिछाना. "हा बिछाना आहे की गाठोडं?" असं विचारून मुकादमबाई तो उलगडत आणि पुन्हा घालत. दुसरी खोट म्हणजे तिची बडबड. कुणी पाहुणा दाराबाहेर पडायला निघाला की हिचं सुरू.

"कुठे निघालात? किल्ल्यावर? मग टोपी घ्या. जेवायला येणार ना? आणि काकांचा पाय कसा आहे आज?"

"अगं, पाहुणे आहेत की आरोपी?" मुकादमबाई आतून ओरडत. "जबाब कसले घेतेस?"

"आई, विचारलं तर बिघडलं काय? त्यांनाही बरं वाटतं."

"त्यांना बिछाना नीट मिळाला की बरं वाटतं."

अशातच एक दिवस टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर आला. ते हॉटेल म्हणजे पूर्वीच्या गव्हर्नरचा बंगला. मॅनेजर अदबीचा माणूस, बोलण्यात साखर होती पण खोटेपणा नव्हता. म्हणाला, "मावशी, तुमचं घर आम्हाला भाड्याने चालवायला द्या. पाटी तुमचीच राहील, माणसं आमची. तुम्ही गच्चीवर खुर्ची टाकून आराम करा."

मुकादमबाईंनी सुस्कारा टाकला. "द्यावं असंच वाटतंय. माझ्यामागे बघणार कोण?"

चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली. "आई, मी आहे की," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण ऐकू येईल इतपत. मुकादमबाईंनी मॅनेजरला साखर कमी आहे का ते विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी सून पायरीवर उशा झटकत होती, त्याचा आवाज जकात कचेरीपर्यंत जात होता.

"तिला एक संधी देऊन बघ," नवरा म्हणाला.

"घर म्हणजे काय तुमचं बोटीचं इंजिन आहे? बंद पडलं तर उघडून बघायला?"

"इंजिन बरं. ते निदान उलट बोलत नाही."

मॅनेजरने एक तोड सुचवली. मावशींनी दोन दिवस हॉटेलात पाहुणी म्हणून राहावं. माणसं कशी काम करतात ते बघावं आणि मग हो की नाही ते सांगावं. मुकादमबाईंना हे पटलं. कपडे एका पिशवीत भरून त्या निघाल्या. चाव्यांचा जुडगा कमरेचा सोडून सुनेच्या हातात देताना म्हणाल्या, "दोन दिवसांपुरता."

"हो आई," सून म्हणाली, आणि सवयीने विचारलंच, "औषध घेतलंत? छत्री?"

"जबाब घेऊ नकोस."

हॉटेलात त्यांना वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. गव्हर्नरची बायको तिथे दुपारी झोपत असे, असं खोली दाखवणारी मुलगी म्हणाली. मुकादमबाईंनी आधी पलंगाखाली बोट फिरवून बघितलं. धूळ नव्हती. चादरीचे कोपरे बघितले. ठीक होते. आंघोळीच्या खोलीतल्या नळावरचा पाण्याचा डाग मात्र त्यांनी रुमालाने पुसून टाकला. हे काम पाहुण्यांचं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. रात्री त्यांना छान झोप लागली. घर यांच्या हाती द्यायला हरकत नाही, असं त्यांनी झोपण्यापूर्वी जवळजवळ ठरवलंच होतं.

सकाळी उठून त्यांनी बिछाना घातला. चादर ताणली, उशी थापटून ठेवली. वापरलेले टॉवेल चौकोनी घडी करून दाराशी ठेवले, आपल्या घरी शहाणे पाहुणे ठेवतात तसे. दात घासायचा ब्रश, कंगवा, चष्म्याचं घर, सगळं पिशवीत भरलं आणि पिशवी कपाटातल्या वरच्या फळीवर आत सरकवली. खोलीवरून शेवटची नजर फिरवली. कुणी राहिलं होतं असं कुणी म्हणालं नसतं. खाली आल्या तर टेबलाशी कुणी नव्हतं. चावी टेबलावर ठेवली, आणि पाहुणी समुद्रावर गेली.

त्या सकाळी मुकादमबाईंनी आपलं गाव पहिल्यांदा बघितलं म्हटलं तरी चालेल. एरवी त्या या रस्त्याने मासे, साबण नाहीतर डॉक्टर, यांच्यासाठीच जायच्या. आज हातात काहीच नव्हतं. ओल्या वाळूवरून चपला हातात घेऊन त्या चालल्या. जुन्या कचेरीच्या दारावरचं दगडी राजचिन्ह त्यांनी मान वर करून बघितलं. त्यातल्या सिंहाला नाक नव्हतं, हे त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं. मग त्या किल्ल्यावर गेल्या. "पायऱ्या अगदी सोप्या आहेत, आजीआजोबासुद्धा चढतात," असं त्यांनी आजवर हजारो पाहुण्यांना सांगितलं होतं. अर्ध्या वाटेत त्या एका तोफेवर बसल्या आणि त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. पण चढल्या. वरून नारळीची झाडं, लाल कौलं आणि खाली पसरलेला निळा समुद्र दिसला. आपल्या घराची गच्ची दिसली. गच्चीवर चादरी वाळत होत्या आणि त्यातली एक वाकडी टांगली होती. त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

दुपारी हॉटेलात परत आल्या तर टेबलावर चावी नव्हती. वर गेल्या तर खोलीचं दार उघडं. आत बनियनवर एक तरुण, पलंगावर उघडी बॅग, आणि त्या ताणलेल्या चादरीवर, अगदी मधोमध, ओला टॉवेल.

"आधी तो टॉवेल उचल," मुकादमबाई म्हणाल्या.

तरुणाने उडी मारून उचलला. "सॉरी मावशी."

आंघोळीच्या खोलीतून त्याच्या नव्या नवरीने डोकं बाहेर काढलं. "कोण आहे रे?"

"हॉटेलच्या मावशी आहेत. मावशी, एक उशी जास्तीची मिळेल का हो? हिला दोन लागतात."

आयुष्यभर कुणी उशी मागितली आणि मुकादमबाई हलल्या नाहीत, असं झालं नव्हतं. त्या कपाटाकडे गेल्या, दार उघडलं, टाचा उंचावून वरच्या फळीवर हात घातला आणि हाताला लागली ती त्यांचीच पिशवी.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आमची नाही," नवरी म्हणाली. "आधीचं कुणीतरी विसरलं असेल."

"विसरलं नाही. आधीचं कुणीतरी इथेच उभं आहे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग नवरीला हसू आलं, ते दाबायला तिने टॉवेल तोंडावर धरला, आणि मुकादमबाईंनाही हसू फुटलं. त्या पलंगाच्या कडेला बसून हसल्या. बिछाना विस्कटला.

खाली शोधाशोध झाली. खोली आवरणाऱ्या मुलीने सांगितलं ते अगदी खरं होतं. चावी टेबलावर होती. खोलीत काडीही इकडची तिकडे नव्हती. टॉवेल घडी करून दाराशी. बिल भरायचं नव्हतंच, कारण त्या मॅनेजरच्या पाहुण्या. मग माणूस गेलं असंच समजणार ना? खोली नव्या जोडप्याला देऊन टाकली. ती मुलगी रडवेली झाली होती.

"तू का रडतेस? तुझं काही चुकलेलं नाही," मुकादमबाई म्हणाल्या. "इतकी नीट खोली सोडून कुणी फिरायला जातं का?"

मॅनेजर गावाबाहेर गेला होता तो धावत आला. त्याने मनापासून माफी मागितली आणि समुद्रावर उघडणारी, गव्हर्नरची स्वतःची खोली त्यांना दिली. चहा मागवला. मुकादमबाईंनी चहाचा कप उचलला आणि न पिताच परत बशीत ठेवला.

"रागावलात मावशी?"

"छे. एक विचारू का? मी सकाळी बाहेर पडले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही कुठे चाललात म्हणून."

मॅनेजर प्रामाणिक होता. म्हणाला, "इतक्या खोल्या आहेत मावशी. माणूस लक्षात राहत नाही. खोली लक्षात राहते. आणि आम्ही मुद्दाम विचारत नाही. लोकांना आवडत नाही."

"माझंही तेच म्हणणं होतं," मुकादमबाई म्हणाल्या. "कालपर्यंत."

त्या संध्याकाळी गव्हर्नरच्या व्हरांड्यात बसून त्यांनी सूर्य मावळताना बघितला. त्यांच्या मनात मात्र आपल्या घराचं दार होतं. तिथून त्या चावी ठेवून, बिछाना घालून, पिशवी लपवून निघाल्या असत्या तर काय झालं असतं? सुनेने उंबऱ्यातच अडवलं असतं. कुठे निघालात, किल्ल्यावर? गुडघ्याचं काय? जेवायला किती वाजता? रिकामी दिसणारी खोली कुणाची आहे हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मागच्या मोसमात एक म्हातारे गृहस्थ जेवायला आले नाहीत, तेव्हा हीच पोरगी वाळूतून धावत गेली होती. ऊन लागून ते नावेच्या सावलीला पडले होते. तेव्हा मुकादमबाईंना आठवत होतं ते एवढंच, की त्या गडबडीत दोन बिछाने घालायचे राहिले.

सकाळी त्या उशिरा उठल्या. उठल्यावर हात चादरीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. बिछाना तसाच राहू दिला, पांघरूण एकीकडे, उशी दुसरीकडे. आयुष्यात पहिल्यांदाच. पायऱ्या उतरताना पाठीमागे काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटत होतं, पण त्या वळल्या नाहीत.

"घर देणार नाही," त्यांनी मॅनेजरला सांगितलं. "तुमच्या कामात खोट आहे म्हणून नाही, मनात काही आणू नका. माझ्या घरी माणूस आहे बघायला. ते माझ्याच लक्षात आलं नव्हतं."

मॅनेजर हसला. "सूनबाई?"

"तीच. बिछाना मात्र गाठोड्यासारखा घालते. त्यासाठी तुमच्या त्या मुलीला एक दिवस पाठवाल का शिकवायला? माझ्याकडून ती शिकणार नाही, आमची भांडणं होतात."

घरी आल्या तेव्हा सून टेबलाशी उभी राहून कुणा जोडप्याला अडवत होती. "बोटीने जाताय? मग बाळाला टोपी घाला. आणि परत किती वाजता?" सासूला बघताच ती गप्प झाली. पाहुणे गेल्यावर तिने कमरेचा जुडगा सोडला आणि पुढे केला. तिचा चेहरा बघून कळत होतं, की उत्तर काय असेल ते तिने ठरवून टाकलं आहे.

व्हरांड्यातून नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "काय मुकादम, पाहुणचार कसा होता?"

"छान. माझी खोली दुसऱ्याला दिली त्यांनी."

मुकादमबाईंनी जुडगा हातात घेतला. एक एक चावी सरकवत त्या शोधत राहिल्या. मग एकच चावी ओढून काढली, त्यांच्या स्वतःच्या खोलीची, आणि बाकीचा जुडगा सुनेच्या हातात परत ठेवला.

सून बघतच राहिली. "आई, हे...?"

"हॉटेलला नाही म्हणून सांगून आले. आता तू बघ." त्या आपल्या खोलीकडे वळल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "आणि काय गं, मी आत चाललेय. विचारत नाहीस?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंड लगेच सुरू झालं. "गुडघे कसे आहेत? किल्ल्यावर चढलात ना? ऊन लागलं असेल. जेवायला किती वाजता येणार?"

"एक वाजता," मुकादमबाई म्हणाल्या, आणि आपली चावी टेबलावर ठेवून आत गेल्या.