आशाबाईंची आडवी पेरणी

आशाबाईंचं शेत चिखलीकडे, उतारावर. म्हणायला दोन एकर, पण वरून खाली नुसता लांबच लांब पट्टा. रुंदीला जेमतेम ट्रॅक्टर वळेल एवढा. शेजारचा तसाच पट्टा थोरल्या दिरांचा, रामरावांचा. मधे वाटणीचा धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यापायी दोन घरांत बोलणंचालणं राहिलं नव्हतं.

अशा पट्ट्यात पेरणी उभीच, उताराच्या दिशेनं. जोराचा पाऊस आला की पाणी तासांतून, म्हणजे पेरणीच्या सऱ्यांतून, खाली धावे आणि काळी माती नाल्यात नेऊन टाकी. नवरा गोकुळ जीपवर ड्रायव्हर, सदा बाहेर, म्हणून हे बघणं बाईंच्याच वाट्याला. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला होता. आणखी चार पावसाळे, की शेत संपलं! पेरणी आडवी केली तर माती थांबेल, हे त्यांना कळत होतं. पण त्यासाठी धुरा मोडून दोन्ही पट्टे एक करायला हवेत, आणि आमच्याकडे माणूस एक वेळ जीव देईल, धुरा देणार नाही.

मे महिन्यात बाईंनी नाल्यातला गाळ घमेल्यात भरला आणि थेट रामरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"भाऊजी, याच्यातली तुमची माती कोनती अन् माही कोनती, तेवढं सांगा."

रामराव कितीतरी वेळ गाळात बोटं फिरवत बसले.

"हद्दीचे दगड राहू द्या," अखेर ते म्हणाले. "धुरा काढा."

गवंड्याकडची पाण्याची नळी आणून बाईंनी उतारावर सारख्या पातळीच्या रेघा आखल्या आणि दोन्ही पट्ट्यांत सोयाबीन आडवं पेरलं. गाव हसलं.

ऑगस्टात एका दुपारी दीड तास आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. डोक्यावर पोतं घेऊन बाई धावत शेतात गेल्या आणि थबकल्याच. आजूबाजूच्या शेतांतून गढूळ लोंढे धावत होते. इथं मात्र पेरणीचं एकेक तास पाण्यानं काठोकाठ भरून निवांत उभं होतं, आणि तळातून बारीक बुडबुडे वर येत होते. जमीन पाणी पिते असं त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. पिताना आज पाहिली.

खाली नाल्याच्या तोंडाशी रामराव बसले होते. शेतातून झिरपणारं पाणी त्यांनी ओंजळीत धरलं. तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

"बाई, हे तं नितळ हाये," ते म्हणाले. "माती गेलीच नाई!"

आशाबाई चिखलात उभ्या उभ्या रडू लागल्या. थोरले दीर समोर आहेत, याचंही त्यांना भान राहिलं नाही.