टाकीपाशी काढून ठेवलेले बूट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. पोलिसाला राग येतो, कंटाळा येतो, कधी भीतीही वाटते. लाज मात्र आरोपीने वाटून घ्यायची असते, असं आम्ही धरून चालतो. या प्रकरणात ती ठाण्यातल्या प्रत्येकाला पुरून उरली. नावं कुणाचीच सांगत नाही, कारण माणसं अजून त्याच भागात राहतात.

तेव्हा मी महाड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि मंडळांच्या बैठकांनी डोकं उठलं होतं. अशात दुपारी रुग्णालयातून वर्दी आली. वरंधकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पिकअप कडेच्या चरात गेली, मागे बसलेला कामगार दाखल करण्यापूर्वीच मयत. गाडी इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीची होती. साफसफाई, बागा, पाण्याच्या टाक्या, पहारेकरी अशी कामं ती कंपनी आसपासच्या कॉलन्यांसाठी करायची. मयत पोलादपूरच्या डोंगरातला, बायकोसह बिरवाडीत खोली घेऊन राहणारा.

चालक रुग्णालयातच होता. कपाळाला थोडं खरचटलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "साहेब, चूक माझी हाय. डुलकी लागली. मला आत टाका."

इतक्या वर्षांत मी चालकांचे किती जबाब घेतले असतील! कुत्रा आडवा येतो, ब्रेक लागत नाही, समोरचा डिपर देत नाही. डुलकी ही गोष्ट शेवटी, चहा झाल्यावर, तीही अर्धीमुर्धी बाहेर येते. हा माणूस ती ताटात वाढून देत होता. मला ते रुचलं नाही.

त्याच्यामागे कंपनीचे सुरक्षा व्यवस्थापक उभे होते. कामगार आणि चालक यांची सुरक्षितता हे त्यांचं काम. आम्हाला ते परके नव्हते. रस्ता सुरक्षा सप्ताहात ते आमच्याच व्यासपीठावर बोलायचे, आणि सीटबेल्टवर इतकं पोटतिडकीने बोलायचे की आमचा एक हवालदार आता दुचाकीवरही पट्टा शोधतो, अशी चेष्टा ठाण्यात चालायची. कंपनीच्या फाटकावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक होता. त्यावरचा आकडा ते रोज सकाळी स्वतः बदलत. चालक त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, नोकरीला त्यांनीच लावलेला.

"घरचा आहे म्हणून मी पाठीशी घालणार नाही," ते मला म्हणाले. "कायद्याप्रमाणे होऊ द्या."

मरणोत्तर पंचनाम्याला मी स्वतः थांबलो. डोक्याला मागच्या बाजूला मार होता. पाय अनवाणी होते आणि तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. भातलावणीत दिवसभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईचे होतात तसे, पण चिखलाचा कणही नाही. त्या रस्त्याच्या कडेला तर घोट्यापर्यंत तांबडा चिखल होता. चप्पल चरात पडली असेल, असं व्यवस्थापक म्हणाले. हवालदारांनी चर धुंडाळला, काही मिळालं नाही. तरी चालकाची कबुली होती, गाडी चरात होती. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला आणि त्याला अटक झाली. त्याचं लायसन्स जाणार, तुरुंग भोगावा लागणार आणि उरलेलं आयुष्य लोक त्याला झोपून माणूस मारणारा म्हणणार, हे त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बिरवाडीजवळच्या एका कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका बोलत होत्या.

"मी तक्रार करत नाहीये, फक्त विचारते," त्या म्हणाल्या. "काल वारलेला तो कामगार सकाळी आमच्या इमारतीची टाकी धुवायला आला होता. दुपारपासून नळाला पाणी नाही म्हणून मी आज गच्चीवर जाऊन बघितलं. टाकी अर्धीच धुतली आहे आणि त्याचे बूट तिथेच आहेत. मग तो वरंधच्या रस्त्याला अनवाणी कशाला गेला?"

मी लगेच पंच घेऊन गेलो. टाकीच्या लोखंडी शिडीपाशी कंपनीने दिलेले जाड बूट जोडून ठेवले होते, मोजे घडी करून आत खोचलेले. टाकीचं झाकण उघडं, आत ब्रश आणि बादली. धुळीने भरलेल्या गच्चीचा शिडीखालचा भाग तेवढा लख्ख धुतलेला. तिथले नमुने आम्ही तपासणीसाठी घेतले.

बाई जिन्यात उभ्या होत्या. "मी त्याला म्हटलं होतं, बूट घालूनच चढ रे, पाय घसरेल. तर म्हणाला, पिण्याचं पाणी हाय बाई, बूट घालून कसं उतरू? मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. आता तेच खातंय मला."

ठाण्यात परत आलो तेव्हा व्यवस्थापक मेहुण्यासाठी घरचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसले होते. मी चालकाला आत घेतलं आणि बूट टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही. चढवलेल्या आवाजाने माणूस घाबरतो, खरं बोलतोच असं नाही.

"हे कुणाचे?"

त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "दाजींना वाचवतोयस ना?"

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला उलटून बोलत नाहीत. बहीण त्या घरात नांदत असते, तिला ऐकून घ्यावं लागतं. मला वाटलं, गाठ तेवढीच आहे. पण त्याने मान हलवली.

"दाजींचं काय ते तुमी बघा. मला आत टाका म्हनलो ते खोटं नव्हतं. साहेब, त्यो जिवंत होता."

मग त्याने सांगितलं. शिडीवर ओला पाय घसरून तो गडी गच्चीवर पडला. दाजी कामावर नजर टाकायला आलेच होते. दोघांनी त्याला मागच्या जिन्याने उतरवून पिकअपमध्ये निजवलं. दाजी स्वतः त्याच्यापाशी बसले.

"नाक्यावर आलो तवा मी महाडचा इंडिकेटर दिला, साहेब. दवाखान्याचा. दाजींनी मागनं काच वाजवली, बोलले, वरंधला वळव, तिथं चरात घाल."

"आणि तू वळवलीस?"

"वळवली."

हा शब्द सांगता येत नव्हता म्हणून त्याने डुलकीचा गुन्हा घेतला होता. झोपलेला माणूस निदान जाणूनबुजून काही करत नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. लगेच आणला असता तर प्रयत्न तरी करता आला असता, असं ते म्हणाले.

व्यवस्थापकांना आत बोलावलं. बूट पाहताच ते खुर्चीत बसले. टाकीवर दोन माणसं हवीत, हा त्यांचाच नियम होता. दुसऱ्या माणसाला त्यांनीच त्या सकाळी दुसऱ्या कामावर धाडलं होतं.

"रस्त्यावरचा अपघात चालकाचा असतो, साहेब," ते खाली बघत म्हणाले. "टाकीवरचा माझा असतो. इतकी वर्षं..." फलकाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण आम्हा दोघांना तोच दिसत होता. ज्या माणसाच्या भाषणाला मी टाळ्या वाजवल्या होत्या त्याच्याकडे मला बघवेना. पुरावा नष्ट करणं, खोटी माहिती देणं, कामावरच्या हलगर्जीने आलेला मृत्यू, अशी कलमं वाढवली आणि त्यांनाही अटक केली. पुढे दोषारोपपत्र गेलं आणि मग काम न्यायालयाचं.

मयताच्या बायकोला जबाबासाठी बोलावलं होतं. पोलादपूरहून तिचा दीर तिला घेऊन आला. व्हरांड्यातून जाताना तिने चालकाला पाहिलं आणि थांबली. शिपाई पुढे झाला, मी त्याला थांबवलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हे काय बोलले का शेवटी?"

चालक मान वर करेना. "पानी मागितलं, वहिनी."

"मग?"

"बाटली माज्या शेजारी सीटवर होती. मी मागं द्यायला गेलो. दाजी बोलले, डोक्याला मार हाय, पानी द्यायचं नाय."

प्रथमोपचाराच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. व्यवस्थापक दर महिन्याला कामगारांना ते शिकवत. त्या पूर्ण प्रवासात त्यांनी पाळलेला नियम तेवढाच होता.

तिने ऐकलं. "असंल मग," ती म्हणाली. "त्यांना जास्त म्हाईत." मग माझ्याकडे वळली आणि पदर सावरत म्हणाली, "साहेब, आमच्या ह्यांनी बूट काढाया नाय पायजे होते. सगळ्यांना ताप झाला. तुमी काय मनात धरू नका."

वर्दीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती आणि मला ती वर्दी अंगावर नकोशी झाली. त्या दिवसानंतर चटकन कबूल होणाऱ्या माणसासमोर मी नेहमी थोडा जास्त वेळ बसलो. नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला तो नियम कुणासाठी आहे हे विचारायला शिकलो. कामाला हे दोन्ही धडे उपयोगी पडले. पण ती बाई माफी मागत समोर उभी असताना काय बोलावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "तुमची काही चूक नाही," एवढंच मी म्हणालो. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.